शून्याचे पैसे

ज्वालापूरला, कालव्याच्या पुलाशी माझं दुकान.
चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय.
औषधी भांडार, गोशाळा, खोल्या भाड्याने मिळतील.
पण चूल पेटली ती हरिद्वारच्या साधूंच्या नावांवर.

उस्ताद बुन्याद अलींनी हातात कुंचला दिला तेव्हा
अक्षराआधी अंतर शिकवलं.
म्हणाले, शकूर, श्रीला श्वास घ्यायला जागा ठेव,
दोन श्री चिकटल्या की भांडतात.

मग एकेक शब्द आला, आपापला अर्थ घेऊन.
दंडी, म्हणजे ज्याच्या हाती काठी,
पण ती कुणाच्या पाठीसाठी नसते.
परमहंस, पाण्यातून दूध वेगळं काढणारा,
आमच्या दूधवाल्याच्या अगदी उलट.
महामंडलेश्वराला पत्राच लांब लागतो.
आणि गिरी, पुरी, अरण्य, सागर
ही आडनावं नव्हेत रे, उस्ताद सांगायचे,
घर सोडलेल्याचा पत्ता आहे तो.
डोंगर म्हटलं की कुठल्या दारावर थाप मारशील?

बोलताना मात्र सगळे नुसते महाराज.
एकदा आश्रमाच्या अंगणात शिडीवरून ओरडलो,
महाराज, जरा शिडी धरा!
पाच जणांनी माना वळवल्या,
धावत आला तो स्वयंपाकघरातला,
हातात डाव, डावाला कढी.

कुंभाच्या वर्षी अगम्यानंदांचा शिष्य आला,
श्री श्री १०८ चं १००८ करायचंय.
मी विचारलं, शून्याचे पैसे घेऊ का?
शिष्याच्या कपाळावरचं भस्म आक्रसलं.
आतून म्हातारा खोकत हसला,
घे, घे. जन्मभर तेच शोधतोय मी,
ते काय फुकट मिळणार आहे?

त्याच पाटीखाली, पितृपक्षात,
एक बाई येऊन उभी राहिली.
सतेश्वरी, पौडीकडच्या बणखोली गावची,
नाकात मोठी नथ, पायात मुलाचे बूट.
म्हणाली, इथे माझा भुला राहतो.
मला वाटलं कुणी काही विसरलंय.
मग कळलं, त्यांच्या डोंगरात धाकट्या भावाला भुला म्हणतात.
तिला वाचता येत नव्हतं.
यात तो कुठे लिहिलाय, दाखव, म्हणाली.
मी बोट ठेवत सगळं वाचलं,
अनंतश्रीविभूषित पासून गिरीजी महाराजांपर्यंत.
ती शेवटपर्यंत थांबली,
चहाच्या टपरीवर उकळी येऊन गेली तेवढा वेळ.
मग म्हणाली,
बकऱ्यांमागे कड्यापाशी जायचा तो.
एवढं म्हणून हाक मारली असती
तर केव्हाच दरीत गेला असता.

शिष्य म्हणाला, स्वामीजींचं मौन आहे,
आणि त्यांना कुणी बहीण नाही,
त्यांनी स्वतःचं श्राद्ध स्वतः केलंय.
ती भांडली नाही.
फाटकाच्या गजांना धरून
एकदाच हाक मारली. दोन अक्षरं.
आत खडावांचा आवाज चालला होता,
तो थांबला.
बराच वेळ थांबला.
मग पुन्हा सुरू झाला, आतल्या बाजूला.
तिने फाटकावर तुपाचा डबा टांगला
आणि ऋषिकेशची बस गाठली.

माघात शिष्य पुन्हा आला, डोकं सफाचट.
सुरुवातीला ब्रह्मलीन घालायचं, म्हणाला.
नवी पाटी नको, वेळ नाही, भक्त यायला लागलेत.
पत्रा तर कडेपर्यंत भरलेला.
मी म्हटलं, जागा करायला काहीतरी काढावं लागेल.
त्याने सगळी ओळ दोनदा वाचली,
ओठ हलवत, एकेका पदवीवर थबकत.
तूच बघ, म्हणाला.

मी एक श्री खरवडली.
शून्याला हात लावला नाही,
त्याचे पैसे घेतले होते.
ब्रह्मलीन नीट बसलं.
पण दुपारी ऊन तिरकं आलं
की काढलेल्या अक्षराचा वण दिसतो,
आणि येणारी माणसं, का कोण जाणे,
तेवढ्या जागेपाशी वाचताना थांबतात.